ऑक्टेनचा आकडा आणि बाटलीतला चमत्कार

पंपावर मोटारसायकल उभी केली की हल्ली हमखास विचारतात, "भाऊ, साधं टाकू की प्रीमियम?" प्रीमियम लिटरमागे काही रुपयांनी महाग. महाग ते चांगले, या हिशेबाने आपला कष्टकरी बांधव ते टाकतो. पुढे गॅरेजात एखादी चिमुकली बाटली समोर येते. "ही टाकीत ओता, अ‍ॅव्हरेज वाढेल." घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या किंवा पाळीला जाणाऱ्या तरुणाची कमाई अशी थेंबाथेंबाने गळते. तेव्हा ऑक्टेन म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते. दाबामुळे ती तापते. मग प्लगची ठिणगी पडते, जाळ पसरत जातो आणि पिस्टनला खाली रेटतो. पण जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटले, तर आतून टकटक आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये रेटताना पुष्कळांनी तो ऐकला असेल. हे फार दिवस चालले तर पिस्टन खराब होतो.

पेट्रोल असे अवेळी पेटायला किती विरोध करते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 आणि हेप्टेनला 0 गुण धरले आहेत. 91 ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका विरोध करणारे. एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यात ताकदीचे माप नाही, अ‍ॅव्हरेजचेही नाही.

याचा पुरावा आपल्याच टाकीत आहे. 2025 साली देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, म्हणून मिश्रणाचा आकडा चढला. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. आकडा वर गेला तरी अ‍ॅव्हरेज वाढले नाही, उलट थोडे घटते. (महाराष्ट्रात हे इथेनॉल साखर कारखान्यांतून येते, म्हणजे आपल्या ऊसतोड्या भावाबहिणींचा घाम त्यात आहे, हेही लक्षात असू द्यावे.)

ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त ऑक्टेन हवा. आपली साधी शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल तशी नसते. गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा छापलेला असतो, त्याच्या वरचे पेट्रोल घालून पदरात फारसे काही पडत नाही. डिझेलच्या गाडीला तर ऑक्टेन लागूच नाही. तिथे सीटेन नावाचे वेगळे माप असते.

ऑक्टेन वाढवण्याच्या हव्यासाची एक काळी कहाणी कामगारांच्या मुलांना माहीत असायला हवी. 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबवले. कंपनीने त्याला 'इथिल' असे गोंडस नाव दिले. शिसे हा शब्द नावात येऊ दिला नाही. 1924 साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे द्रव्य बनवणारे मजूर भ्रमिष्ट झाले, पाच जण दगावले. तरीही ते जगभर विकले गेले आणि धुरातले शिसे रस्त्याकाठच्या वस्त्यांतल्या लेकरांच्या रक्तात उतरत राहिले. लहान मुलांच्या मेंदूची वाढ शिशाने खुंटते. भारतात 2000 सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया 2021 साली थांबला. शंभर वर्षे लागली!

आपल्याकडचे चमत्कार निराळे. 1996 साली तामिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी पाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले, मोठमोठी माणसे भुलली. आयआयटीच्या तपासणीत दावा टिकला नाही. 2016 साली चेन्नईच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली. केसपुत्तला कालामांना तथागतांनी जे सांगितले, की सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा, ते पाल्याच्या पेट्रोललाही लागू पडतेच की.

आता त्या बाटलीकडे वळू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर साधने तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही सापडले नाही. ऑक्टेन वाढवणाऱ्या काही बाटल्यांवर "सात पॉइंट वाढ" असे लिहिलेले असते. तिथे एक पॉइंट म्हणजे पुष्कळदा आकड्याचा दहावा भाग, सात पॉइंट म्हणजे 91 चे 91.7! इंजिनाचे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी रसायने मात्र खरी आहेत, त्यांचा उपयोग होतो. पण साफ इंजिनाला ती नवी ताकद देत नाहीत.

नॉकिंग अचानक सुरू झाले तर बाटली घेऊ नका, आधी पेट्रोलावर संशय घ्या. रॉकेलची भेसळ झाली की ऑक्टेन उतरतो. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. नोझलचे तोंड पुसून एक थेंब कागदावर पाडावा. चांगले पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते, भेसळीचा तेलकट डाग मागे राहतो. माप कमी वाटले तर पाच लिटरचे शिक्का मारलेले मापही मागता येते. पंपवाला कुरकुर करील, करू द्यावी. तक्रारवही तिथेच ठेवलेली असते.