गिनीपिगचे शेवटचे दिवस

शेजारच्या चिकू या गिनीपिगच्या पोटात गाठ आहे. वय झालंय, डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले. "आता घरी काय करायचं?" असं त्याच्या ताईने विचारलं, म्हणून ही पोस्ट.

सगळ्यात आधी पोट. गिनीपिगचं आतडं सतत चालू लागतं. बारा तास खाल्लं नाही तरी प्रकरण गंभीर होतं. पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ करा. बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने, पुढच्या दातांमागे, गालाच्या बाजूने थेंब थेंब द्या. चावू द्या, मग पुढचा घास. समोरून पिचकारी मारलीत तर ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

रोज किचनच्या काट्यावर वजन करा. हा प्राणी दुखणं लपवतो, वजन लपवता येत नाही.

केस फुलवून कोपऱ्यात बसणं, दात करकरवणं म्हणजे बहुधा वेदना. औषध डॉक्टरांचंच. घरातली अमॉक्सिसिलिन चुकूनही नको, तिने गिनीपिग दगावू शकतो.

खाणं सुटलं, श्वास जड झाला, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोला. माझ्या मते तो क्रूरपणा नाही.

जोडीदार असेल तर त्याला मृतदेह हुंगू द्या. नाहीतर तो शोधत राहू शकतो.

आणि "उंदरासाठी कसलं रडायचं" म्हणणाऱ्यांना खुशाल म्यूट करा.

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पण तुमच्या गिनीपिगने खाणं सोडलं असेल, तर आधी डॉक्टरांना फोन करा.