माहिती चौकट : एआय एजंटच्या हाती 'मर्ज'

पांडाज : पायथन भाषेतलं, तक्ते हाताळायचं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये काम सुरू केलं. २००९ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

मर्ज की कॉनकॅट? पांडाजमधलं मर्ज दोन तक्ते सामाईक रकान्यावरून, म्हणजे 'की'वरून जुळवतं. कॉनकॅट ते एकाखाली एक किंवा शेजारी-शेजारी लावतं.

न सांगता घडणारं
• जोडणीचा प्रकार सांगणारा 'हाऊ' हा पर्याय दिला नाही तर 'इनर' धरलं जातं. न जुळलेल्या ओळी गळतात, इशाराही येत नाही. एका यादीत 'औरंगाबाद' आणि दुसरीत २०२३ नंतरचं 'छत्रपती संभाजीनगर' असेल, तर अख्खा जिल्हा गायब!
• एकाच 'की'च्या डावीकडे ३ आणि उजवीकडे २ ओळी असल्या, की निकालात ६ ओळी. बेरीज फुगते.
• दोन्हीकडच्या रिकाम्या 'की' एकमेकींशी जुळतात. एसक्यूएलमध्ये सहसा तसं होत नाही.

एजंट असा निकाल तसाच पुढच्या पायरीला देऊ शकतो; म्हणून या तिन्ही गोष्टी एजंटसाठीच्या दस्तऐवजात उदाहरणासह हव्यातच.

पडताळणी : मर्जच्या 'व्हॅलिडेट' पर्यायात 'वन टू वन' लिहिल्यास दुबार 'की' आढळताच काम थांबतं. 'इंडिकेटर' हा पर्याय जादा रकाना जोडतो : ओळ फक्त डावीकडची, फक्त उजवीकडची की दोन्हींतली.

एजंट काय वाचतो? मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (अँथ्रोपिक, नोव्हेंबर २०२४) साधनाचं नाव, वर्णन आणि जेसन स्कीमात मांडलेले इनपुट. 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही संकेतस्थळावर ठेवायची मार्कडाउन फाइल. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली.