येडशीचा वाघ, ट्रॅप कॅमेरा आणि मेंदूसारखी चिप



डिसेंबर 2024 मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्याने वाघ टिपला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर समजलं, की तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आलाय. मग मुलांचा प्रश्न ठरलेला : कॅमेऱ्याला वाघ आला हे कसं कळलं?

खरं तर कॅमेऱ्याला वाघ कळतच नाही, फक्त उष्णता कळते! उबदार शरीरातून अवरक्त किरण बाहेर पडतात. भोवतालपेक्षा उबदार काही समोरून हललं, की सेन्सर कॅमेऱ्याला जागं करतो. मग ती शेळी असो की गुराखी. उन्हाळ्यात पारा 40 अंशांकडे गेला, की अंग आणि हवा यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही. तेव्हा सेन्सर फसू शकतो. उलट, तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी फोटो निघतो.

म्हणजे जाणवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. साध्या ट्रॅप कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणायचं, मग फोटो तपासायचे. तोवर रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला काय कळणार?

मग कॅमेऱ्यातच संगणक का नको? अडचण विजेची. नेहमीच्या संगणकात स्मृती एकीकडे, आकडेमोड दुसरीकडे. माहितीची सतत ने-आण होते आणि त्यात वीज खर्च होते. आपला मेंदू मात्र साधारण 20 वॅटवर चालतो. त्यात साठवण आणि प्रक्रिया एकाच जाळ्यात होते. चेतापेशीही गरजेपुरताच संदेश पाठवतात. याच धर्तीवर बनवलेल्या चिपला ‘न्यूरोमॉर्फिक’ चिप म्हणतात. आयबीएमच्या 2014 च्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये 10 लाख कृत्रिम चेतापेशी होत्या आणि तिला वीज लागायची सुमारे 70 मिलिवॅट!

अशी चिप अवरक्त सेन्सरला जोडली, तर ‘हे गवत, हा माणूस, हा वाघ’ ही ओळख रानातच, बॅटरीवर पटू शकेल आणि गावाला फक्त इशारा येईल. हे काम अजून बरंचसं प्रयोगशाळेत आहे.

वर्गात करून पाहा : टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचं टोक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बहुधा पडद्यावर लुकलुकताना दिसेल. आता मुलांना विचारा : कॅमेऱ्याला हा प्रकाश दिसला, पण तो रिमोटचा आहे हे कोणी ओळखलं?