सुताराच्या हातचा चरखा

चाक सुताराने करायचे, चाती लोहाराने आणि चाती धरणारी चामड्याची पट्टी चांभाराने. तीन बलुतेदारांच्या कामातून सूत काढायचे साधन उभे राहायचे आणि मोडले तर त्याच गावात नीटही व्हायचे. गेल्या शंभर वर्षांत चरखा किती सुधारला, याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मात्र मागे पडत गेला. मराठवाड्यातल्या निलंग्यासारख्या आडबाजूच्या तालुक्यातून पाहिले की तोच प्रश्न सगळ्यांत आधी दिसतो.

तिफण आणि बैलगाडी घडवणाऱ्या सुताराला जुन्या चरख्यात अवघड असे काही नव्हते. खाली बैठकीचा जाड दांडा, एका टोकाला चाकासाठी दोन उंच खुंट, दुसऱ्या टोकाला चातीसाठी बुटके खुंट. चाकाला सलग गोल धाव नसेच. पातळ पट्ट्यांच्या दोन चकत्या आसावर थोड्या अंतराने बसवायच्या आणि पट्ट्यांच्या टोकांवरून दोरी या बाजूने त्या बाजूला नागमोडी ओढून ताणायची. त्या दोरीच्या जाळीवरून चाक आणि चाती जोडणारी माळ फिरे. लाकूड कमी लागे, चाक हलके राही आणि उन्हाळ्यात लाकूड आकसून चाक ढिले पडले तरी दोरी पुन्हा ताणली की काम भागे. चाक दोन फुटांचे आणि चातीवरची फिरकी अर्ध्या इंचाची असेल, तर मूठ एकदा फिरवली की चाती हिशेबाने ४८ फेरे घेते. माळ थोडी घसरते, म्हणून प्रत्यक्षात काही कमी. एवढ्या वेगाने फिरणारी चाती केसभर जरी वाकडी असली तरी तिचे टोक थरथरते आणि तार तुटते. म्हणून चरख्याची परीक्षा करायची ती चाकाच्या नक्षीवरून नव्हे, चातीच्या सरळपणावरून.

या भागातला गावरान कापूस नावाजलेला होता. पण आधी विलायती सुताने आणि मग नांदेडच्या उस्मानशाहीसारख्या गिरण्यांनी घरच्या चातीचे काम काढून घेतले. लोकरीचे तसे झाले नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, गिरणीला तिचे अप्रूप नव्हते. त्यामुळे घोंगडीसाठी लोकर कातणाऱ्या धनगर बायकांच्या हाती लाकडी चरखा कापसापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकला. खादीच्या इतिहासात या चरख्याची फारशी दखल घेतली जात नाही, ती घ्यायला हवी.

कापसाचा चरखा पुन्हा वर आला तो स्वातंत्र्य चळवळीमुळे. गांधीजींना चालता चरखा शोधून दिला गंगाबेन मजमुदार यांनी, तोही गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी महिना दोन हजार वार सूत ही अट घातली आणि १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. सुताची मोजणीही ठरून गेली. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी.

निलंगा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे. उघड राजकारणाला बंदी, म्हणून कार्यकर्ते शाळा, वाचनालये आणि खादी अशा कामांतून लोकांपर्यंत पोचले. जवळच्याच हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे व्यंकटेश खेडगीकर तिथे शिक्षक झाले आणि १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ म्हणून मुक्तिसंग्रामाचे नेते बनले. ज्या मुलखात छापील पत्रकही संशयाने पाहिले जाई, तिथे गावच्या सुताराकडून करून घेता येणारे साधन किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

एव्हाना चरख्याचा वेग वाढवण्याची घाई सुरू झाली होती. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित यंत्रासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत ठरावीक लांबीचे सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये, अशा अटी होत्या. किर्लोस्कर बंधूंनीही एक यंत्र तयार केले. बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाही. त्यातली एक अट आजही वाचण्यासारखी आहे: नीट वापरले तर यंत्र वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. दुरुस्तीचा विचार तेव्हा निदान कागदावर तरी होता.

खरी उपयोगी सुधारणा झाली ती पुण्याच्या येरवडा तुरुंगात. गांधीजींनी तिथे जो पेटीचरखा सुधारून घेतला तोच ‘येरवडा चक्र’. मोठ्या चाकाने छोटे चाक फिरते, छोट्याने चाती. दोन टप्प्यांत वेग वाढत असल्याने चाके लहान करता आली आणि सगळा चरखा पेटीत मावला. प्रवासाला सोयीचा आणि देखणा. पण त्याला स्प्रिंग हवी आणि चाकांची जुळणी अगदी काटेकोर हवी. हे काम तिफण करणाऱ्या सुताराच्या पटाशीचे नव्हते, कार्यशाळेचे होते. उलट टकळी कोणालाही करता येई. बांबूची काडी आणि फुटक्या पाटीचा घासून गोल केलेला तुकडा एवढ्यावर काम होई. पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजे गांधीजींचे भारतानंद, यांनी तिला धनुकलीने फिरवायची युक्ती काढली आणि धनुष तकली तयार झाली. घरी करता येणाऱ्या साधनांत तिच्याइतके हुशार दुसरे क्वचितच सापडेल.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदरमधून निघून मराठवाड्यात आले. याच सुमारास तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अंबर चरखा गाजत होता. ग्रामोद्योगांसाठीच्या १९५५ च्या कर्वे समितीपुढेही त्याचा विचार झाला. अंबर म्हणजे खरे तर गिरणीतल्या कताई यंत्राचे घरगुती रूप. रुळांतून पेळू खेचला जातो आणि एकाच वेळी चार, पुढे सहा-आठ चात्या फिरतात. पहिले नमुने बरेचसे लाकडी होते, नंतरचे लोखंडी झाले. कातणाऱ्या बाईची मजुरी यामुळे वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रूळ झिजला, दाता तुटला तर आता संस्थेच्या मिस्त्रीची वाट पाहावी लागते आणि पेळूही खादी आयोगाच्या कारखान्यातून येतो.

मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीमुळे इथले सूत देशभर पोचले. उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाते आणि नांदेडला ध्वज शिवले जातात. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालू लागले, आणि हातकताईचा राखीव बाजार गेला. निलंग्याची काळी जमीनही आज कापसापेक्षा सोयाबीन आणि तुरीची आहे.

तरीही आज कोणाला लाकडी चरखा करायचाच असेल, तर लाकडाची अडचण नाही. जुन्या दाराची फळी चालते, चाकाऐवजी सायकलची रिम चालते, माळेला सुती दोरा आणि थोडे मेण पुरते. अडते ते चातीपाशी. तिच्यासाठी पोलादाची सरळ सळई घ्यावी, काचेवर लोळवून पाहावी, जिथे फट दिसेल तिथे हलक्या हाताने ठोकावे आणि पुन्हा लोळवावी. टोकाची थरथर पूर्ण थांबेपर्यंत माळ चढवू नये.