जुन्या दुनळी बंदुकीची झीज

मधोमध मोडून उघडणाऱ्या जुन्या दुनळी बंदुकीच्या दस्त्याची झिलई व पोलादावरील नक्षीकाम पाहून मोहित झालेल्या ग्राहकाने, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खातरजमा करून, प्रथम वरची तरफ पाहावी. कारण नव्या बंदुकीत ती बहुधा मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे स्थिरावते आणि खिटी व खाच झिजत जातील तसतशी डावीकडे सरकते. परंतु दुरुस्तीत ही जागा बदलता येत असल्याने हा पुरावा निर्णायक मानणे धोक्याचे आहे.

खरी साक्ष बिजागरीची. नळ्यांखालचा लाकडी पुढा, जो आपल्या दाबाने ढिलाई झाकतो, तो काढून घ्यावा आणि मिटलेली बंदूक दस्त्याच्या मानेशी धरून हलवावी. हाताला खडखड जाणवली, अथवा नळ्यांचे बूड आणि त्यामागील उभी पोलादी भिंत यांमधून उजेड दिसला, तर सांधा निश्चितच सैल झाला आहे. कुशल कारागीर तो पुन्हा घट्ट करू शकतो.

नळ्यांचे दोष मात्र अधिक गंभीर. सुट्या टांगून हलकेच ठोकल्यावर त्यांनी घंटेसारखा नाद द्यावा. बद्द आवाज आला तर जोडपट्टीचे डाख सुटल्याचा संशय घ्यावा. गंजाचे खड्डे घासून काढलेली नळी आतून आरशासारखी चकाकते, पण तिची भिंत तितकीच पातळ झालेली असते, म्हणून जाडी मापकाने तपासल्याखेरीज तीत काडतूस भरू नये.