मधली जोडी आणि आधी बोलण्याचा तोटा: नो-लिमिट होल्डेममधील एक निर्णय

तीनपत्तीत हातात अठ्ठीची जोडी आली, की डाव संपेपर्यंत ती तेवढीच राहते. पुढे नवे पत्ते येतच नाहीत. होल्डेममध्ये तसे नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर बोली होते आणि नो-लिमिट प्रकारात आपल्यापुढच्या सर्व चिप्स केव्हाही लावता येतात. त्यामुळे सत्ती ते दश्शी या मधल्या जोड्यांची किंमत डाव चालू असतानाच बदलत जाते. आधी बोलावे लागणाऱ्याला हा बदल महाग का पडतो, ते या पाठात पाहू. चिप्स येथे फक्त मोजमापासाठी आहेत. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ भारतात २०२५ च्या कायद्याने बंद झाले आहेत, आणि या गणिताला पैशांची गरजही नाही.

एकच डाव घेऊ. छोटा ब्लाइंड ५०, मोठा ब्लाइंड १००, प्रत्येकाकडे १०,००० चिप्स. बटणावरचा खेळाडू, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणारा, २५० करतो. छोटा ब्लाइंड पत्ते टाकतो. आपण मोठ्या ब्लाइंडवर आहोत आणि हातात दोन अठ्ठ्या आहेत. पॉटमध्ये ४०० आहेत, आपल्याला आणखी १५० द्यायचे आहेत. १५० ÷ ५५० म्हणजे सुमारे २७ टक्के हिस्सा पदरात पडला तरी बरोबरी होते. आता प्रतिस्पर्ध्याकडे एक्का-राजा आहे असे समजा. दोघेही शेवटचा पत्ता उघडेपर्यंत टिकले, तर अठ्ठ्या सुमारे ५५ टक्के वेळा जिंकतात. मग अडचण कोणती? ‘टिकले तर’ हीच.

अठ्ठीपेक्षा मोठे पत्ते २४ आहेत. आपल्याला न दिसलेल्या ५० पत्त्यांपैकी उरलेले २६ लहान किंवा बरोबरीचे. फ्लॉपवर एकही मोठा पत्ता न येण्याची संभाव्यता (२६ × २५ × २४) ÷ (५० × ४९ × ४८), म्हणजे १३.३ टक्के. सत्त्यांसाठी हीच संख्या ७.९ आणि दश्श्यांसाठी ३०.५ टक्के येते. उलट फ्लॉपवर तिसरी अठ्ठी मिळण्याची संभाव्यता फक्त ११.८ टक्के. म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासमोर अठ्ठीपेक्षा मोठा एखादा पत्ता पडलेला असणार, अठ्ठी मिळालेली नसणार, आणि आधी आपल्यालाच बोलावे लागणार.

आधी बोलण्याची किंमत नेमकी मोजता येते, निदान छोट्या खेळात. हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये तीनच पत्त्यांचा पोकर मांडला: दोन खेळाडू, प्रत्येकाला एक पत्ता, सुरुवातीला एक-एक चिप आणि पुढे एका चिपेचीच बोली. दोघेही उत्तम खेळले तरी आधी बोलणारा दर डावाला सरासरी १/१८ चिप हरतो. पत्ते दोघांनाही सारख्याच संभाव्यतेने मिळतात. फरक फक्त क्रमाचा. होल्डेममध्ये असा क्रम फ्लॉप, टर्न आणि रिव्हर अशा तीनदा येतो. आपण चेक केले, की पॉट वाढवायचा की पुढचा पत्ता फुकट पाहायचा हे प्रतिस्पर्धी ठरवतो. आपल्याकडे तिकडी असताना तो पॉट लहान ठेवू शकतो आणि आपण कच्चे असताना मोठा करू शकतो. म्हणून कागदावरचे ५५ टक्के आणि प्रत्यक्ष वसूल होणारा हिस्सा वेगळे असतात.

फक्त तिकडीच्या आशेवर १५० देणे परवडते का? अठ्ठी न मिळाल्यास पत्ते टाकायचेच, असे धरू. मग बरोबरीसाठी अठ्ठी मिळालेल्या प्रत्येक डावात पॉटातल्या ४०० शिवाय सरासरी आणखी ७२६ चिप्स जिंकाव्या लागतील. १०,००० चिप्स असताना हे शक्य आहे. प्रत्येकाकडे १,५०० च असतील तर अवघड. तेव्हा मात्र फ्लॉपआधीच सर्व चिप्स लावणे चांगले: त्याने पत्ते टाकले तर पॉट आपला, न टाकले तर पाचही पत्ते उघडणारच, आणि आधी बोलण्याचा तोटाच उरत नाही.

मूळ डावाकडे येऊ. कॉल केला, पॉट ५५०. फ्लॉप राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. आपण चेक करतो, तो १८० लावतो. नवशिके राजा पाहून लगेच पत्ते टाकतात. पण १८० ÷ ९१० म्हणजे २० टक्केही हिस्सा लागत नाही. शिवाय राजा नसलेला प्रत्येक हात आपण टाकू लागलो, तर तो कोणत्याही दोन पत्त्यांवर नफ्यात राहील. त्याला आपण चारांत एकदा पत्ते टाकले तरी पुरते. येथे कॉल योग्य. याउलट फ्लॉप एक्का-राणी-दश्शी असेल आणि त्यात दोन पत्ते बदामाचे असतील, तर सोडून द्यावे. तेथे एकच नव्हे, तीन पत्ते आपल्यावर आहेत.

खरी परीक्षा टर्नला. तिर्री येते, पॉट ९१०, आणि तो ६०० लावतो. हिशेब २८ टक्के सांगतो, पण तो अपुरा आहे: त्याच्याकडे अजून ८,९७० चिप्स आहेत आणि रिव्हरलाही आधी बोलायचे आपणच. आपल्याला सुधारणारे पत्ते दोनच, ४६ पैकी. दोन बोलींना कॉल करून तिसरीला पत्ते टाकणे हा मधल्या जोडीचा सर्वांत महाग मार्ग आहे. माझ्या मते, प्रतिस्पर्धी सतत थापा मारणारा आहे अशी माहिती नसेल तर येथे सोडणे बरे.

फ्लॉपआधीच पुन्हा रेझ करावे का? चिप्स भरपूर असताना याने सत्त्या-छक्क्या निघून जातात आणि दश्श्या-गुलाम राहतात, तेही पॉट फुगवून. छोट्या ब्लाइंडवर मात्र हा पर्याय अधिक वेळा वापरला जातो, कारण मागे आणखी एक खेळाडू बोलायचा बाकी असतो.

स्वाध्याय: नव्वीच्या जोडीसाठी फ्लॉपवर एकही मोठा पत्ता न येण्याची संभाव्यता काढा (उत्तर: २०.७ टक्के). बटणावरच्या खेळाडूने २५० ऐवजी ४०० केले, तर कॉलसाठी किती हिस्सा लागेल?