अकोल्याहून युंगफ्राऊ, व्हाया मूर्तिजापूर

१९९४ साल वऱ्हाडातल्या रेल्वेवेड्यांच्या लक्षात राहिलं ते मूर्तिजापूरच्या शकुंतला या नॅरोगेज गाडीमुळे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिलला काढलं आणि डिझेल जोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडन-पॅरिस युरोस्टार समुद्राच्या तळाखालून धावू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण तिथून पुढची तीस वर्षं चाळली तर दिसतं, की अमरावती-अकोल्याची माणसं युरोपात गाड्या बदलत फिरायला शिकली ती याच काळात, आणि घरी गाड्या बदलत फिरायची त्यांची सोय मोडली तीही याच काळात.

आपल्याकडून युरोपला कुणी गेलंच नव्हतं असं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली होती. पण तो दौरा होता, सुट्टी नव्हे. सुट्टीचा युरोप नव्वदीत आला तो टूर कंपन्यांच्या बसमधून. सकाळी बॅगा खोलीबाहेर, दुपारी भारतीय जेवण, संध्याकाळी दुसरा देश. रेल्वेत बसायचं ते स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊला, नाहीतर एखाद्या वेळी फ्रान्सच्या वेगवान टीजीव्हीत, फोटोपुरतं.

स्वतःचा प्रवास स्वतः आखणारा तेव्हा विरळाच. त्याच्या हातात थॉमस कुकचं लाल वेष्टनाचं युरोपीय वेळापत्रक असे. १८७३ पासून निघणारं हे पुस्तक कंपनीने २०१३ मध्ये थांबवलं आणि पुढच्या वर्षापासून वेगळ्या प्रकाशकाने सुरू ठेवलं. त्यात एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हातोडे दिसले की ती गाडी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नाही, असं समजायचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला या खुणा डोकेदुखी वाटत असतील. वऱ्हाडातल्या माणसाचा हात त्यावर लवकर बसायचा, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. अमरावतीकराची मेन लाइन अमरावतीत नाही, बडनेऱ्यात आहे. अकोल्याला ब्रॉडगेजवरून उतरून खंडव्याची मीटरगेज धरायची. मूर्तिजापूरला उतरलं तर नॅरोगेज दोन दिशांना असायची, एक अचलपूरला, एक यवतमाळला. ‘तिकडची गाडी इकडच्या गाडीसाठी थांबते का?’ हा प्रश्न इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळायचा.

म्हणूनच युंगफ्राऊचा रस्ता आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंटरलाकेन ओस्टपर्यंत १,४३५ मिलिमीटरचा रूळ. तिथे उतरून मीटरगेजने लाउटरब्रुनेन. तिथे पुन्हा उतरायचं, कारण पुढची दातेरी रुळाची गाडी ८०० मिलिमीटरवर चालते. ती क्लाइनऽ शायडेगला सोडते, आणि तिथून परत मीटरगेज, थेट ३,४५४ मीटर उंचीवरच्या स्टेशनात. म्हणजे मूर्तिजापूर आणि अकोला एकाच सकाळी, वर बर्फ. फरक इतकाच की तिथे समोरची गाडी वाट बघत उभी असते. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये सगळं वेळापत्रक तासातासाच्या ठेक्यावर बसवलं. सात मिनिटांत गाडी बदलायची हे कागदावर वाचून छाती दडपते, पण समजा चुकलीच, तर पुढची येतेच आहे. आपल्याकडे मूर्तिजापूरला चुकली की दिवस जायचा.

या सवयीचा तोटाही झाला. आरक्षण नाही म्हणजे बसायला मिळणार नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं. आपली खिडकी कधी १२० दिवस आधी उघडली, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० दिवस आधी उघडते, आणि ती उघडली की तुटून पडायचं. त्याच धास्तीने लोक स्विस गाड्यांच्या जागाही पैसे भरून राखून ठेवू लागले. बहुतेक साध्या स्विस आणि जर्मन गाड्यांत त्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती टीजीव्ही, युरोस्टार आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत, आणि नेमकं तिथे ‘पास आहे ना आपल्याकडे’ म्हणून निर्धास्त राहिलेले आढळतात.

दुसरी खोड रात्रीच्या गाडीची. मुंबई-पुणे आपल्याला रात्रभराचं, त्यामुळे झोपेत अंतर कापायचं आणि लॉजचे पैसे वाचवायचे हा हिशेब पक्का. युरोपात मात्र २०१६ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेने स्वतःच्या स्लीपर गाड्या बंद केल्या आणि त्यातल्या काही ऑस्ट्रियाच्या रेल्वेने नाइटजेट म्हणून चालवायला घेतल्या. जुन्या आखण्या त्यामुळे बऱ्याच कोलमडल्या.

खरं सांगायचं तर वेळापत्रकापेक्षा व्हिसाने आखण्या जास्त बदलल्या. २००८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आलं, त्यामुळे पॅरिस-इंटरलाकेन-व्हेनिस अशी ओळ एका व्हिसात बसू लागली. पण अर्ज कुणाकडे करायचा? जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे. म्हणून मग फ्रान्सच्या चार रात्री आणि इटलीच्या चार रात्री अशी बरोबरी टाळण्यासाठी व्हेनिसची एक रात्र कापली जाते. लोकांना वाटतं, मार्ग आवडीने ठरला. तो रात्रींच्या बेरजेने ठरलेला असतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून बोटांचे ठसेही द्यावे लागतात, आणि त्यासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागली. युरोपच्या रेल्वेप्रवासाचा पहिला टप्पा असा अमरावती एक्सप्रेसमध्येच पार पडतो.

आता आखेन किंवा श्टुटगार्टला शिकणारी पोरं व्हॉट्सॲपवर गाडीचा क्रमांक आणि फलाट पाठवतात. ‘बाबा, उतरलात की समोरच्याच प्लॅटफॉर्मवर जा, जिना नाही.’ बाबा जातात. वेळापत्रक कुणी वाचत नाही. शहरं मात्र कमी झाली. बारा दिवसांत सात शहरांचे कागद आता क्वचित दिसतात. चार दिसतात, आणि मला विचाराल तर चारही पुष्कळ.

इकडे शकुंतला गेल्या दशकात थांबली ती थांबलीच. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या जानेवारीत गेज बदलासाठी बंद झाली. मेळघाटातून जाणाऱ्या या मार्गावर धुळघाटजवळ रूळ गोल वळसा घेऊन स्वतःवरूनच पलीकडे जात होते. तसाच वळसा पाहायला आपली माणसं आता बर्निना मार्गावर ब्रुझिओला जातात, आणि तो वारसा यादीत आहे. २०२२ च्या डिसेंबरात स्विसांनी मॉन्ट्रो-इंटरलाकेन मार्गावर चाकांमधलं अंतर बदलणारी गाडी सोडली. झ्वाइझिमेनला ती मीटरगेजवरून मोठ्या रुळावर सरकते, प्रवासी जागचा हलत नाही. आपल्याकडे त्याच वर्षी अकोला-अकोट ब्रॉडगेज सुरू झाली. पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून हिवरखेड-सोनाळा-जामोदकडून न्यायचं ठरलं. तोवर अकोल्याहून खंडव्याला जायचं तर भुसावळवरून.